फोटो कापून चिकटवल्याने कुणाचं काय वाकडं झालं?

कात्रणवेडा

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मी उपयोजित कलेच्या दुसऱ्या वर्षाला शिकवतो. गेल्या आठवड्यात फोटोमाँटाजचा (फोटो कापून-जोडून नवं चित्र करायची कला) तास होता, म्हणून त्यातला चित्रकार जॉन हार्टफील्ड दाखवला. पडद्यावर त्याचं १६ ऑक्टोबर १९३२ चं चित्र लावलं. हिटलर त्याच्या त्या खास पद्धतीने सलाम घेतोय, हात कोपरात दुमडून, तळवा मागे खांद्याकडे. त्याच्या मागे एक अवाढव्य सूटवाला उभा आहे. पोट सुटलेलं, डोकं चौकटीच्या बाहेर, म्हणजे चेहराच नाही. तो त्या उघड्या तळव्यावर नोटा ठेवतोय. आणि ओळ आहे, 'माझ्या मागे लाखो उभे आहेत!' मूळ शब्द 'मिलियन', पण मराठीत श्लेष जसाच्या तसा उतरतो. लाखो कोण? माणसं की मार्क (जर्मन नाणं)?

पोरं हसली. मग शेवटच्या बाकावरून एक आवाज आला, "सर, भारी आहे. पण साडेतीन महिन्यांत हिटलर आलाच ना?"

मी 'हो, पण...' म्हणालो आणि घंटा झाली. त्या 'पण'च्या पुढे काय म्हणायचं ते मला अजून सुचलेलं नाही. ज्या साप्ताहिकात हे छापून यायचं त्या 'एआयझेड'चा खप भरात असताना पाच लाखांच्या घरात सांगितला जायचा. एवढ्या लोकांनी बघूनही काही झालं नसेल, तर या कलेचा समाजावर परिणाम वगैरे आपण जे शिकवतो ते नुसतं बोलायचं का? पुढचा तास गुरुवारी आहे. मदत करा.

गवती_चहा

घंटेने वाचवलं म्हणायचं सर तुम्हाला. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

तिरपा_डोळा

पोरगा बरोबर आहे. त्याला पैकीच्या पैकी द्या आणि विषय संपवा.

चित्राने सत्ता पडत नाही. ज्यांना हिटलर नको होता त्यांनी ते चित्र बघून टाळ्या वाजवल्या, ज्यांना हवा होता त्यांनी ते साप्ताहिक हातातच घेतलं नाही. एआयझेड हे कम्युनिस्टांच्या गोटातलं, विली म्युन्झेनबर्गचं. घेणारे बहुतेक आधीच त्या बाजूचे. आज आपण आपल्याच ग्रुपवर मीम टाकतो आणि आपलेच लोक हसतात, तसंच.

स्प्रीकाठची

बर्लिनहून हात वर करते. :)

तिरपा_डोळा, थोडं थांबा. सगळं साप्ताहिकातच राहिलं असं नाही. जुलै १९३२ चं क्ष-किरणाचं चित्र घ्या. हिटलर तोंड उघडून भाषण ठोकतोय, छाती पारदर्शक, पाठीच्या कण्याच्या जागी नाण्यांची चळत, पोटात नाण्यांचा ढीग आणि हृदयाच्या ठिकाणी स्वस्तिक. ते त्याच उन्हाळ्यात पोस्टर करून बर्लिनच्या भिंतींवर लावलं होतं. म्हणजे ज्यांनी साप्ताहिक कधीच विकत घेतलं नसतं त्यांच्याही येण्याजाण्याच्या वाटेवर ते होतं.

त्याची ओळ मला फार आवडते. शब्दशः 'सोनं गिळतो आणि पत्रा बोलतो'. जर्मनमध्ये 'पत्रा बोलणं' म्हणजे बरळणं. माझी शेजारीण, सत्तरीच्या पुढची, आजही टीव्हीवर कुणी काही बडबडलं की 'ब्लेश!' म्हणून हात झटकते.

नाना_पेठकर

हे साहेब मूळचे जर्मन ना? मग नाव इंग्रजी कसं?

स्प्रीकाठची

@नाना_पेठकर, तोच तर त्याचा पहिला माँटाज! जन्मनाव हेल्मुट हेर्त्सफेल्ड, जन्म १८९१, बर्लिन. पहिलं महायुद्ध चालू, इंग्लंड शत्रू, 'देव इंग्लंडला शिक्षा करो' हे लोक एकमेकांना नमस्कारासारखं म्हणायचे. तेव्हा, १९१६ मध्ये, या गड्याने मुद्दाम इंग्रजी नाव घेतलं. धाकटा भाऊ वीलांड, त्याने १९१७ मध्ये प्रकाशन काढलं, त्याचं नाव 'मालिक'. त्यांची मुखपृष्ठं हार्टफील्डच करायचा.

गवती_चहा

कम्युनिस्टांच्या प्रकाशनाचं नाव मालिक??? कामगारांनी काय म्हणून हाक मारायची, 'ओ मालक'?

स्प्रीकाठची

अरबी 'मलिक', राजा. तेही तसं अडचणीचंच. :D

मंजिरी_क

चार पुरुषांची नावं येऊन गेली, हाना ह्योखचं कुणी घेतलं नाही. अपेक्षित होतं.

माँटाजची सुरुवात करणाऱ्यांत ती पहिल्या फळीत होती. उलश्टाइन या बड्या प्रकाशनसंस्थेत भरतकाम-विणकामाचे नमुने काढायची नोकरी करायची आणि ढिगाने येणारी सचित्र मासिकं घरी नेऊन कापायची. १९१९ चं तिचं प्रसिद्ध चित्र, ज्याच्या लांबलचक नावात 'स्वयंपाकघरातली सुरी' आणि वायमार जर्मनीची 'बिअरने सुटलेली ढेरी' दोन्ही आहेत, ते नीट बघा. खाली उजव्या कोपऱ्यात युरोपचा एक चिमुकला नकाशा आहे. ज्या देशांत बायकांना मताधिकार मिळालाय ते देश त्यात दाखवलेत. शेजारी तिने स्वतःचं डोकं चिकटवलंय, बोटाच्या पेराएवढं. कैसर, म्हणजे जर्मन सम्राट, आणि सेनापती वर मोठ्या आकारात, पण ती खाली नकाशाला खेटून उभी आहे.

१९२० च्या बर्लिनच्या 'दादा' प्रदर्शनात (दादा म्हणजे प्रस्थापित कलेची टर उडवणारी चळवळ) तिला घ्यायला चित्रकार ग्रोस आणि तुमचा हा हार्टफील्ड, दोघांचा विरोध होता. त्याच कंपूतल्या राउल हाउसमानने 'मग मीही नाही' म्हटल्यावर तिचं काम लागलं. आणि पुढे कंपूतल्याच एकाने आठवणी लिहिल्या, त्यात हिचं योगदान काय? सँडविच, बिअर आणि कॉफी.

वाचनमात्र

आपल्याकडे असती तर पोहे आणि चहा.

मंजिरी_क

+१. आणि आभारप्रदर्शनात 'वहिनींचे विशेष आभार'.

खिळेजुळणी

कात्रणवेडा, मी १९७८ ते १९९९ छापखान्यात प्रोसेस कॅमेऱ्यावर आणि पेस्टअपवर काढली. हार्टफील्ड आम्हाला कुणी शिकवला नाही, निवृत्त झाल्यावर पाहिला. त्यामुळे परिणामाचं मला विचारू नका, हाताच्या कामाचं सांगतो.

फोटोतला माणूस कापून दुसरीकडे बसवायचा तर तीन गोष्टी घात करतात. एक, ब्रोमाइड (फोटोची प्रत) कापला की कागदाची पांढरी कड दिसते. ती बारीक ब्रशने करड्या रंगाने मारावी लागते, नाहीतर कॅमेऱ्यात केसासारखी रेघ येते. दोन, उजेड. एकाच्या नाकाची सावली डावीकडे आणि दुसऱ्याची उजवीकडे असेल तर वाचकाला कारण कळत नाही, पण काहीतरी चुकतंय हे कळतं. तीन, दाणा. लहान फोटो मोठा केला की दाणा फुटतो आणि शेजारच्याशी जमत नाही.

हार्टफील्डची चित्रं भिंग लावून बघितली. तिन्ही गोष्टी सांभाळल्यात. तो स्वतः फोटो काढत नसे, छायाचित्रकाराला समोर बसवून हवा तसा उजेड, हवी तशी पोझ मुद्दाम काढून घ्यायचा. वर एआयझेड छापायचे ग्रॅव्ह्यूरवर (कोरलेल्या सिलिंडरवरून होणारी छपाई), तपकिरी शाईत. त्या छपाईत काळोख मखमलीसारखा येतो आणि सांधे त्यात विरघळून जातात. आमच्या लेटरप्रेसच्या ब्लॉकमध्ये हे जन्मात जमलं नसतं.

आता एक कबुली. एका साप्ताहिकासाठी (नाव नको) मला समारंभाचा फोटो दिला होता. व्यासपीठावर सहा जण, त्यातला एक मधल्या काळात 'आपला' राहिला नव्हता, तेवढा काढायचा. काढला. मागचा पडदा ब्रशने भरून काढला, घड्यासुद्धा जुळवल्या. अंक छापून, वाटून झाल्यावर संपादकांनी बोलावलं. मंत्र्यांच्या डाव्या खांद्यावर चार बोटं राहिली होती. मालक नसलेली.

गवती_चहा

मालक नसलेली बोटं!! काका _/\_ आज ऑफिसात मोठ्याने हसलो, बॉस बघतोय.

तिरपा_डोळा

काका, तुम्ही नकळत माझी बाजू मांडलीत. हीच कैची, हाच ब्रश सत्तेच्या हातात जास्त चालला. स्टालिनचा मॉस्को-वोल्गा कालव्यावरचा फोटो आठवा. शेजारी येझोव, गुप्त पोलिसांचा प्रमुख. १९४० मध्ये त्याला गोळी घातली आणि नंतरच्या फोटोत त्याच्या जागी कालव्याचं पाणी. तिथे बोटं नाही राहिली.

आणि गुस्ताव क्लुत्सिसचं काय? माँटाजच्या जनकांत त्याचं नाव घेतात. स्टालिनच्या पंचवार्षिक योजनांची पोस्टरं करण्यात हयात गेली. १९३० चं त्याचं हाताचं पोस्टर तर जगभर छापतात, एका मोठ्या हातात असंख्य हात. त्यासाठी त्याने स्वतःच्याच हाताचा फोटो वापरला होता. जानेवारी १९३८ मध्ये अटक, फेब्रुवारीत गोळी. गुन्हा काय, तर लात्वियन असणं. बायकोला सांगितलं की १९४४ मध्ये हृदयविकाराने गेला. खरं बाहेर आलं १९८९ मध्ये. आयुष्यभर ज्याचा चेहरा मोठा करून चिकटवला, त्याच्याच यंत्रणेने याला कापून टाकलं.

मंजिरी_क

हे वाचून कसंतरी झालं. त्याची बायको कुलागिना स्वतः पोस्टर-कलाकार होती ना?

तिरपा_डोळा

हो, तीच. ती १९८७ मध्ये गेली. मरेपर्यंत एका खोट्या तारखेवर.

फ्लेक्ससम्राट

मंडळी, तुमी जर्मनी-रशिया फिरून आला, पन फोटोमाँटाजचा खरा धंदा आमच्याकडं हाय. कोल्हापुरात माजं फ्लेक्सचं दुकान, १४ वर्सं झाली.

एका फ्लेक्सवर ४०-४५ मुंडकी बसवतो. आर्टिस्ट कुटला, मीच. पासपोर्ट फोटो व्हॉट्सअॅपवर येतो, मान कापायची आनि बॉडीवर चढवायची. बॉडीचं फोल्डर वेगळं हाय: पांढरा शर्ट, जाकीट, हात जोडलेली, हात हलवनारी. सगळ्यात जास्त खप हात जोडलेल्या बॉडीला. एकाच बॉडीवर मी एका आटवड्यात तीन भावी नगरसेवक चढवल्यात, तिगं एकमेकाच्या इरोधात.

आनि डोक्याचं माप इंचात ठरतं. सगळ्यात वर गोलात साहेब लोक, मधी वाढदिवसवाला, खाली शुभेच्छुक. कुनाचं डोकं अर्दा इंच बारीक झालं तर रात्री ११ ला फोन. साहेब पार्टी बदलले की वरचे गोल बदलायचे, खालची पोरं हाय तशीच. फाईल सेव्ह असतीया.

वाचनमात्र

हा प्रतिसाद सुवर्णाक्षरांत छापून फ्लेक्सवर लावावा. आकार साहेबांच्या परवानगीने.

कात्रणवेडा

@फ्लेक्ससम्राट, दादा, तुम्ही कळत-नकळत माझा अर्धा तास तयार करून दिलात. कैसर वर मोठा आणि ह्योख खाली चिमुकली, तेच गणित तुमच्या फ्लेक्सवर उलट्या हेतूने.

खिळेजुळणी

तिरपा_डोळा यांच्या मुद्द्यावर. कैची तीच, हे कबूल. पण माझं काम होतं ते बघणाऱ्याला काही कापलंय हे कळूच नये म्हणून. हार्टफील्डने सांधा माझ्यापेक्षाही बेमालूम लपवला, मग फरक कुठे? १९३५ चं लोण्याचं चित्र बघा. हिटलरचा मंत्री ग्योरिंग हॅम्बुर्गच्या भाषणात म्हणाला होता की लोखंडाने राष्ट्र बलवान होतं, लोणी-चरबीने फार तर लोक लठ्ठ होतात. याने ते वाक्य खाली छापलं आणि वर एक कुटुंब जेवायला बसवलं. भिंतीच्या कागदावर स्वस्तिकांची नक्षी, हिटलरची तसबीर, आणि ताटात सायकलचे भाग. तान्हं बाळ कुऱ्हाड चघळतंय. कुत्रा मोठा नट चाटतोय. वर नाव, 'हुर्रे, लोणी संपलं!'

कुऱ्हाडीच्या पात्यावर पडलेला उजेड आणि बाळाच्या गालावरचा उजेड एकाच खिडकीतून आल्यासारखा आहे. तरी बाळ खरंच कुऱ्हाड खातंय असं कुणालाही वाटत नाही. माझ्या फोटोत मात्र व्यासपीठावर पाचच जण होते असं लोकांना वाटावं, हीच इच्छा होती.

तिरपा_डोळा

काका, हे मान्य. टोपी काढली.

पण हार्टफील्डला देव्हाऱ्यात बसवण्याआधी अजून एक. १९३१ मध्ये त्याने सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या लाइपझिग अधिवेशनावर माँटाज केला. सूट-टाय घातलेला वाघ, आणि मजकूर असा की वाघाचे दात आम्ही नक्की काढू, पण आधी त्याची शुश्रूषा करून त्याला बरं करायला हवं. त्याआधी १९३० मध्ये वर्तमानपत्रांत डोकं गुंडाळलेला माणूस, त्यातलं एक पत्र त्याच पक्षाचं. नाझी दारात उभे असताना डावे एकमेकांना ओरबाडत होते आणि हा त्या भांडणाला चित्रं पुरवत होता. त्याच्या कम्युनिस्ट पक्षाची लाइनच तशी होती. मॉस्कोला १९३१-३२ मध्ये राहूनही आला. स्टालिनवर असं एक तरी धारदार चित्र दाखवा.

मग 'परिणाम झाला' म्हणणाऱ्यांनी हाही परिणाम मोजावा.

स्प्रीकाठची

हे टोचलं, पण खरं आहे. उलट बाजूही सांगते. स्वतः किंमत मोजली. एप्रिल १९३३ मध्ये एसएसची, म्हणजे नाझींच्या खास दलाची, माणसं घरात घुसली, हा बाल्कनीतून उडी मारून निसटला, डोंगर पायी ओलांडून चेकोस्लोव्हाकियात गेला. तिथूनही साप्ताहिक चालू, खप मात्र लाखांवरून काही हजारांवर. १९३८ मध्ये तिथून इंग्लंड. तिथे 'शत्रुराष्ट्राचा नागरिक' म्हणून काही काळ नजरकैद! इंग्लंडद्वेषाच्या निषेधात नाव बदललेल्या माणसाला. १९५० मध्ये पूर्व जर्मनीत परतला तर त्याच्याच कम्युनिस्टांना संशय, पश्चिमेत इतकी वर्षं काय करत होतास? १९५६ पर्यंत कला अकादमीत घेतलं नाही. नाटककार ब्रेश्टसारख्यांनी रदबदली केली म्हणून निभावलं.

आता मूळ प्रश्नाकडे. १९३४ मध्ये प्रागच्या मानेस संस्थेत व्यंगचित्रांचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन होतं. त्यात हार्टफील्डची चित्रं लागली तेव्हा जर्मन वकिलातीने अधिकृत निषेध नोंदवला आणि काही चित्रं उतरवायला लावली. संपूर्ण देश हातात असलेलं सरकार परदेशातल्या एका भिंतीवरच्या कागदांसाठी खलिते धाडतं, याला मी परिणाम म्हणेन. आणि त्याने काय केलं? त्या उतरवलेल्या चित्रांवरच नवा माँटाज केला.

नाना_पेठकर

आकडे बघितले. नाझींना जुलै १९३२ ला ३७.३ टक्के, नोव्हेंबरला ३३.१ टक्के. सर, तुमचं नोटांचं चित्र मधल्या ऑक्टोबरचं. घटलेली ४ टक्के मतं त्याच्या खात्यावर टाका की!

तिरपा_डोळा

नानासाहेब, मग ३० जानेवारीला चॅन्सेलर झाला ते कुणाच्या खात्यावर? ती गादी मतपेटीतून थेट नाही आली, राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गच्या खोलीत ठरली. तिथे पाच लाख काय, पन्नास लाख खपाचं साप्ताहिकही पोचलं नसतं.

नाना_पेठकर

बरं बाबा. प्रतिसाद काढून टाकतो.

कात्रणवेडा

नाना, राहू द्या. पोरं हाच युक्तिवाद करणार आहेत, उत्तर आयतं मिळालं.

मंजिरी_क

एक वेगळं उदाहरण. क्लाउस श्टेक, व्यवसायाने वकील, हार्टफील्डच्या वाटेने जाणारा. १९७१ हे जुना जर्मन चित्रकार ड्यूररचं ५०० वं जयंतीवर्ष. न्युरेंबर्गमध्ये याने ड्यूररने काढलेल्या म्हाताऱ्या आईचं चित्र पोस्टरवर छापून शहरभर लावलं आणि खाली प्रश्न, 'या बाईला तुम्ही खोली भाड्याने द्याल का?' बस. जयंतीच्या हारतुऱ्यांत एवढी एक ओळ.

पुढे त्याच्यावर ४१ वेळा खटले गुदरले, एकही टिकला नाही. २००६ ते २०१५ तो त्याच अकादमीचा अध्यक्ष होता जिच्यात हार्टफील्डचा सगळा संग्रह आहे. आपल्याकडे ४१ खटले म्हणजे ४१ शहरांतल्या तारखा. खटला हरण्याची गरजच नसते, हेलपाट्यांतच माणूस संपतो.

वाचनमात्र

'या बाईला खोली भाड्याने द्याल का' हे पोस्टर पुण्यात लावलं तर खाली लोक गंभीरपणे अटी लिहून जातील. मांसाहार नको, दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये.

फ्लेक्ससम्राट

सर, तासाला मला बोलवा. दोन बॉड्या घेऊन येतो.

कात्रणवेडा (शुक्रवार, धागा वर काढतोय)

तास झाला. सांगायचं कबूल केलं होतं म्हणून लिहितो.

प्रश्न विचारणाऱ्या मुलाला सरळ सांगितलं, हिटलर आला, चित्राने तो थांबला नाही, आणि चित्रकाराचा पक्षही सगळीकडे शहाणा नव्हता. मग नोटांचं चित्र परत लावलं, ओळ झाकली आणि त्याच सलामीचा साधा फोटो शेजारी लावला. विचारलं, "या हातात आता काय दिसतंय?" कुणी काही बोललं नाही. साध्या फोटोतही त्यांना तो तळवा पैसे मागतानाच दिसत होता. तो मुलगा म्हणाला, "सर, आता हे परत पूर्वीसारखं बघता येत नाही." मी पुढे काही बोललो नाही, मलाही तेवढंच म्हणायचं होतं.

नंतर संगणक बंद करून कैच्या वाटल्या. फ्लेक्ससम्राटांच्या कृपेने वाढदिवसाचे रद्दी फ्लेक्स मिळाले. एका मुलीने ३८ शुभेच्छुकांच्या डोक्यांची उतरंड रचली आणि सगळ्यात वर, साहेबांच्या गोलात, रस्त्यावरचा एक खड्डा बसवला. बाकीचे खालून हात जोडून. प्राचार्यांनी दारातून डोकावून बघितलं, 'छान, छान' म्हणाले आणि ते बाहेरच्या फळ्यावर लावू नका असंही म्हणाले.

स्प्रीकाठची

म्हणजे प्रागच्या वकिलातीची परंपरा तुमच्या कॉलेजातही आहे तर. खड्ड्याचा फोटो टाका ना इथे.

कात्रणवेडा

त्या मुलीला विचारून टाकतो. तिचं काम आहे.

खिळेजुळणी काका, एक अडचण. फेव्हिकॉलने कागद सुरकुततो आणि एकदा चिकटला की हलत नाही. तुम्ही ते रबर सोल्यूशन वापरायचात, ते हल्ली कुठे मिळतं? स्टेशनरीवाले माझ्याकडे बघतच राहतात.

खिळेजुळणी

स्टेशनरीवाल्याकडे कशाला गेलात? सायकलच्या पंक्चरवाल्याकडे मागा. दोन्ही बाजूंना पातळ लावा, वाळू द्या, मग टेकवा. जास्तीचं बोटाने चोळलं की गोळ्या होऊन निघतं. आणि खिडक्या उघड्या ठेवा, वासाने पोरं झोपतील.

गवती_चहा

शेवटचा बाक आधीच झोपलेला असतो काका.